पुणे मतदारसंघ आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘पुणे लोकसभा मतदारसंघ’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली, तेव्हा आम्हांस थोडा संकोच वाटला. आम्ही राजकारणातले नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत भूगोल व गणित शिकविण्यात गेलेली. परंतु विषयाचा विचार करू लागलो तेव्हा असे ध्यानात आले की, मतदारसंघ ही वस्तु मुळात भूगोल आणि गणित यांचीच आहे. नकाशावर एक रेघ ओढावयाची आणि तिच्या आत माणसे किती ते मोजावयाचे, एवढेच तिचे मूळ स्वरूप. राजकारण मागाहून येते.

हा विषय चिटणिसांनी सहज निवडलेला नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. निवडणूक आली की मंडळाच्या नावाने कोणास तरी पाठिंब्याचे पत्रक काढावे असे म्हणणारा एक पक्ष आपल्यांत आहे, आणि काढू नये असे म्हणणारा दुसरा आहे. दोन्ही बाजूंस आपली हितचिंतक वडीलमंडळी आहेत. आमचे मत काय ते आम्ही लपवून ठेवणार नाही. परंतु त्याआधी ज्या मतदारसंघासाठी हे पत्रक काढावयाचे तो आहे तरी कोठून कोठपर्यंत, आणि आपली घरे त्यात किती आहेत, हे पाहिले तर वाद निम्मा तरी हलका होईल अशी आमची समजूत आहे.

आपल्यांतील पुष्कळांचा असा समज आहे की, जेथवर पुण्याची महानगरपालिका तेथवर पुण्याचा खासदार. वस्तुस्थिती तशी नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात आज विधानसभेचे सहा मतदारसंघ मोडतात: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. हडपसर हा पुण्याचाच भाग, पण तो जातो शिरूरकडे. खडकवासला जातो बारामतीकडे. पिंपरी आणि चिंचवड ही दोन्ही मावळात, आणि मावळ म्हणजे घाट उतरून थेट पनवेल, उरण व कर्जतपर्यंत. शेजारची भोसरी मात्र पुन्हा शिरूरला. म्हणजे धनकवडीत किंवा वारज्यात राहणारा गृहस्थ पुणे महानगरपालिकेस घरपट्टी भरतो, पुण्याच्या नळाचे पाणी पितो, आणि लोकसभेसाठी मत देतो ते इंदापूर व दौंड येथील शेतकऱ्यांच्या बरोबरीने. कोंढव्यातला किंवा हडपसरचा रहिवासी मत देतो ते जुन्नर व आंबेगावच्या जोडीने.

ही मांडणी 2008 सालच्या पुनर्रचनेची आहे. 2001 च्या जनगणनेचे आकडे धरून ती झाली आणि 2009 च्या निवडणुकीपासून अमलात आली. त्यापूर्वी भवानी पेठ आणि बोपोडी हे विधानसभेचे स्वतंत्र मतदारसंघ होते. ते नकाशावरून गेले, आणि वडगाव शेरी व कोथरूड हे नव्याने आले. पर्वती पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. आता ती राखीव जागा पुणे कॅन्टोन्मेंटची आहे. शहर पूर्वेस आणि पश्चिमेस पसरले, पेठांतील वस्ती विरळ झाली, आणि त्याप्रमाणे रेघा सरकल्या. 1951 साली महानगरपालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आत माणसे होती. 2011 च्या जनगणनेत ती 31 लाखांवर गेली. पालिकेने 1997 मध्ये 23 गावे आत घेतली, 2017 मध्ये 11, आणि 2021 मध्ये पुन्हा 23. शहराचा अंगरखा असा वाढत गेला, पण मतदारसंघाची शिवण 2008 ची ती 2008 चीच राहिली.

आता हे आपल्या घरांस कसे लागू पडते ते पाहा. आपल्या ज्ञातीची जुनी घरे कसबा, रविवार, बुधवार, भवानी आणि गंज पेठेत. वाडा म्हटला की मागे कारखाना, पुढे दुकान, वर बिऱ्हाडे, आणि चार हाक मारण्याच्या अंतरावर सारे सोयरे. ती वस्ती विस्कटण्यास प्रथम कारण झाला तो पानशेतचा पूर. 12 जुलै 1961 या दिवशी धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतील हजारो संसार वाहून गेले. आमचा जन्म त्याच सुमाराचा असल्याने आम्हांस त्याची स्वतःची आठवण नाही. परंतु आमच्या लहानपणी घरात कोणतीही गोष्ट ‘पुराच्या आधी’ किंवा ‘पुरानंतर’ अशीच सांगितली जाई. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या आणि आपली काही मंडळी तिकडे गेली. पुढे भाऊ-भाऊ वाढले, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, वाडे पाडून इमारती झाल्या, आणि तरुण मंडळी जेथे जागा परवडली तेथे गेली. कोणी कोथरूडला, कोणी धनकवडीला, कोणी हडपसरला, आणि कारखान्यातली नोकरी असेल तर चिंचवडला.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. सभेत मंडळी बसली आहेत, ती ओळखतील. कसबा पेठेतील एका वाड्यातले हे चार भाऊ. थोरला त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत, दुसरा धनकवडीत, तिसरा हडपसरात आणि धाकटा चिंचवडात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीचे मतदान 7 मे रोजी होते, आणि पुणे, शिरूर व मावळ यांचे 13 मे रोजी. सात तारखेनंतरच्या रविवारी चौघे भाऊ थोरल्याकडे जेवावयास जमले, तेव्हा धनकवडीकराच्या बोटावर शाई होती आणि इतरांची बोटे कोरी होती. थोरल्या वहिनींनी विचारले, ‘भाऊजी, तुमचे आधीच कसे झाले?’ तेव्हा कोठे घरात पहिल्यांदा कळले की, आपण चौघे भाऊ चार निरनिराळ्या मतदारसंघांत आहोत. हडपसरच्या भावाची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याचे नाव अद्याप कसब्याच्याच यादीत होते. हडपसरास जाऊन बारा वर्षे झाली, पण नाव हलविलेले नव्हते. आणि मतदानाच्या दिवशी उन्हातून पेठेत कोण येणार, म्हणून त्याने कोठेच मत दिले नाही.

अशी घरे आपल्या ज्ञातीत किती असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आम्ही शाळेत जिल्ह्याचा नकाशा शिकवीत असता मुलांस एक खेळ देत असू: आषाढी वारीचा मार्ग नकाशावर रंगवा. आज तोच खेळ लोकसभेच्या नकाशावर खेळून पाहावा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते आळंदीहून, ती भूमी शिरूर मतदारसंघाची. तुकोबारायांची निघते देहूहून, ती मावळची. दोन्ही पालख्या पुण्यात येतात आणि भवानी पेठेत व नाना पेठेत मुक्काम करतात, तो पुणे मतदारसंघ. पुढे हडपसरास पुन्हा शिरूर, आणि दिवे घाट चढून सासवड किंवा दुसऱ्या वाटेने यवत गाठले की बारामती. वारकऱ्याच्या पायाखालून चार मतदारसंघ जातात आणि त्याला त्याची वार्ताही नसते. पुणे शहर हे या चारींच्या मधले मुक्कामाचे ठिकाण आहे. त्याचा कारभार एका खासदाराच्या हाती आहे असे मानणे म्हणजे मुक्कामालाच सारी वारी मानण्यासारखे आहे.

पाण्याचेही तसेच. पुणे ज्या धरणांचे पाणी पिते त्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांपैकी एकही पुणे मतदारसंघात नाही. सारी बारामतीत आहेत. कालव्याने तेच पाणी पुढे दौंड-इंदापूरकडे जाते, तेही बारामतीतच. उन्हाळा आला की शहराने किती प्यावे आणि शेताला किती सोडावे हा तंटा निघतो. त्या तंट्यात धरण आणि शेत यांचा खासदार एक आणि नळाचा दुसरा. रविवारी पुणेकर हौसेने सिंहगडावर जाऊन पिठले-भाकरी खातो, तेव्हाही तो दुसऱ्याच मतदारसंघात पाहुणा असतो. अस्तु.

आता या मतदारसंघाच्या स्वभावाविषयी. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत पुण्याच्या नावाने दोन जागा होत्या. पुणे मध्य येथून काकासाहेब गाडगीळ निवडून गेले, आणि पुणे दक्षिण येथून इंदिराबाई मायदेव. इंदिराबाईंचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतो. कारण त्यानंतर ‘पुणे’ या नावाच्या मतदारसंघातून आजवर एकही स्त्री लोकसभेत गेलेली नाही. समोर बसलेल्या भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

1957 साली संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली तीच मुळी 1956 च्या फेब्रुवारीत पुण्यात. काकासाहेब हे केंद्रात मंत्री राहिलेले, विद्वान, वक्ते, आणि स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने लोकसभेत बोललेले. तथापि ते काँग्रेसचे उमेदवार होते, एवढे कारण पुण्यास पुरले. समोर होते नानासाहेब गोरे, 1955 मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात पहिली तुकडी घेऊन गेलेले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगातून नुकतेच सुटून आलेले. पुण्याने नानासाहेबांस पाठविले. 1962 मध्ये काँग्रेसचे शंकरराव मोरे आले. हेच शंकरराव 1952 मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने सोलापुरातून निवडून गेले होते. 1967 मध्ये एस. एम. जोशी. 1971 मध्ये मोहन धारिया, काँग्रेसचे. आणि 1977 मध्ये पुन्हा तेच मोहन धारिया, पण जनता पक्षाचे. मधल्या काळात आणीबाणी आली, त्यांनी तुरुंगवास भोगला. पक्ष उलटा झाला, माणूस तोच राहिला, आणि पुणेकरांनी माणूस निवडला.

ही नावे नुसती यादी म्हणून ऐकू नका. नानासाहेब कोकणातल्या हिंदळ्याचे, एस. एम. जुन्नरचे, धारिया महाडकडचे. पुण्याच्या पेठांत जन्मलेलाच माणूस हवा असा हट्ट या शहराने त्या काळी धरला नाही. आणि एका पक्षासही ते जन्माचे बांधले गेले नाही. 1980 पासून काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ लागोपाठ तीन वेळा आले. वाटले की आता हे घर कायमचे झाले. तोच 1991 मध्ये भारतीय जनता पक्षाचे अण्णा जोशी आले. 1996 मध्ये सुरेश कलमाडी, 1998 मध्ये विठ्ठल तुपे, 1999 मध्ये प्रदीप रावत, 2004 व 2009 मध्ये पुन्हा कलमाडी, 2014 मध्ये अनिल शिरोळे, 2019 मध्ये गिरीश बापट, 2024 मध्ये मुरलीधर मोहोळ. 1998 ची निवडणूक ज्यांना आठवते त्यांना तिची गंमत ठाऊक आहे: दोन वर्षांपूर्वी काँग्रेसतर्फे निवडून आलेले कलमाडी त्या वेळी अपक्ष उभे होते, आणि त्यांना पाठिंबा होता तो भाजप-शिवसेनेचा. तरी ते पडले. कोणाचा पाठिंबा कोणास आहे हे ऐकून पुणेकर आपले मत त्या पाठिंब्याच्या पाठोपाठ नेतो असे नाही, हा त्यातला अर्थ. तसाच अनुभव कसबा पेठेने 2023 च्या मार्चमध्ये दिला. 1995 पासून जी विधानसभेची जागा एका पक्षाची हक्काची म्हणून समजली जात होती, ती पोटनिवडणुकीत काँग्रेसकडे गेली, आणि 2024 च्या नोव्हेंबरात पुन्हा परत आली.

एका गोष्टीचे मात्र आम्हांस वाईट वाटते. गिरीश बापट यांचे 29 मार्च 2023 रोजी निधन झाले. कायदा सांगतो की रिकामी जागा सामान्यतः सहा महिन्यांत भरावी. निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. एका पुणेकर नागरिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली, डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने निवडणूक घ्या असा हुकूम दिला, आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. अशा रीतीने चौदा महिने पुणे शहरास लोकसभेत सभासद नव्हता. रेल्वे, विमानतळ, लष्कराच्या जमिनी, पुणे व खडकीची कटकमंडळे ही सारी दिल्लीच्या अखत्यारीतली प्रकरणे. कॅम्पात राहणाऱ्या आपल्या बांधवांस तर हे अधिक जाणवले पाहिजे होते. कारण त्यांचे कटकमंडळ संरक्षण मंत्रालयाखाली आहे, महानगरपालिकेखाली नाही. पण त्या चौदा महिन्यांत आपल्या मंडळाच्या एकाही बैठकीत यावर कोणी अवाक्षर काढल्याचे इतिवृत्तात आढळत नाही. आम्ही इतिवृत्ते मुद्दाम चाळली. पाठिंबा कोणास द्यावा यावर मात्र दोन बैठका रात्री उशिरापर्यंत चालल्या आहेत.

मतदानाचे आकडेही पाहा. 2009 मध्ये पुण्यात शंभरांतील सुमारे 41 जणांनी मत दिले. 2024 मध्ये वीस लाखांहून अधिक मतदारांपैकी निम्म्यांहून थोड्या अधिकांनी. ज्या शहरास आपण विद्येचे माहेरघर म्हणवितो त्याची ही उपस्थिती. आमच्या वर्गात एवढी हजेरी असती तर साहेबांनी आम्हांस खुलासा विचारला असता.

आता पाठिंब्याच्या पत्रकाकडे वळू. आमचे मत असे की, ते काढू नये. पहिले कारण वर आलेच आहे: आपली घरे चार मतदारसंघांत विखुरलेली आहेत. मंडळ एक पत्रक काढील, ते पुण्याच्या उमेदवाराचे असेल, आणि धनकवडीच्या, हडपसरच्या व चिंचवडच्या बंधूंस त्याचा काडीचाही उपयोग नसेल. चार पत्रके काढावयाची तर चार वेळा भांडण. दुसरे कारण कायद्याचे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमाप्रमाणे जातीच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार गणला जातो. त्या कलमाचा अर्थ केवळ उमेदवाराच्या जातीपुरता की मतदाराच्याही, याविषयी बरेच वर्षे वाद होता. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, मतदाराची जातही त्यात येते. आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्याने कायद्याचा कीस काढू नये. परंतु मंडळाच्या कागदावर, मंडळाच्या शिक्क्याने, ‘आपल्या समाजाने अमुक यांनाच मत द्यावे’ असे छापावयाचे असेल तर आधी एखाद्या चांगल्या वकिलास विचारावे, इतके तरी व्यवहारज्ञान आपल्यांत असावे.

तिसरे कारण आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत, क्षमा असावी. पत्रक निघते तेव्हा ते सगळ्यांच्या नावाने निघते, पण ठरवितात ते पाच-सात जण. घरातली सून, कॉलेजात जाणारी मुलगी, दुकानातला पुतण्या यांना कोणी विचारलेले नसते. आपले मंडळ निघाले ते विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी, वधू-वरांच्या नोंदीसाठी आणि अडल्या-नडल्या घरास हात देण्यासाठी. त्या कामांत दुमत नसते म्हणून ते इतकी वर्षे टिकले. जे मत प्रत्येकाने पडद्याआड एकट्याने द्यावयाचे ते येथे सभेत हात वर करून ठरवू लागलो, तर उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जावरही ‘हे घर कोणत्या पक्षाचे’ असे पाहिले जाऊ लागेल. या भीतीस आधार नाही असे कोणी म्हणेल तर आम्हांस आनंदच होईल.

काही मंडळी म्हणतात, मग समाजाचे वजन कसे पडावयाचे? त्यांस आमचे उत्तर असे की, ज्याचे नाव यादीत नाही त्याचे वजन शून्य. वजन मोजण्यापूर्वी ते तराजूत तरी पडले पाहिजे. पुढची रेघही केव्हा तरी ओढली जाणार आहे. 2001 सालच्या 84 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली. 2008 च्या पुनर्रचनेत पुणे जेवढे होते तेवढे ते उरलेले नाही, हे वाघोलीकडे किंवा आंबेगावकडे एक फेरी मारली तरी दिसते. रेघ नव्याने ओढावयाची वेळ येईल तेव्हा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती मागविल्या जातात. त्या वेळी ज्या मंडळाजवळ आपली घरे कोणत्या भागात किती याचा खरा कागद असेल त्याचे म्हणणे निदान वाचले तरी जाईल.

म्हणून पत्रकाऐवजी एक नोंदवही करावी अशी आमची सूचना आहे. प्रत्येक सभासदकुटुंबाचा आजचा पत्ता, विधानसभा मतदारसंघ, लोकसभा मतदारसंघ, आणि घरातील अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव यादीत आहे की नाही, एवढेच तीत लिहावे. पक्ष लिहू नये. नवे नाव घालण्यासाठी नमुना क्रमांक 6 लागतो. घर बदलले असेल तर नमुना क्रमांक 8. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरून अठरा वर्षे मोजीत. 2022 पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखाही धरतात, त्यामुळे मुलांस वर्षभर थांबावे लागत नाही. एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असावे लागते. तेव्हा पेठेतल्या यादीत नाव ठेवून हडपसरातही नवे घालू नये. जुने रीतसर हलवावे. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीत राहतात आणि सासरच्या यादीत चढत नाहीत, हा प्रकार आपल्यांत सर्वांत अधिक आढळतो. त्यांच्या सासूबाईंनी यात लक्ष घातले तर काम लवकर होईल.

नोंदवहीचे कोरे तक्ते आम्ही आखून आणले आहेत. पेठांतील घरांचे काम आम्ही आणि आणखी दोन सेवानिवृत्त शिक्षकबंधू अंगावर घेतो. कोथरूड, धनकवडी, हडपसर आणि चिंचवड या चार भागांसाठी प्रत्येकी एक तरुण आणि एक भगिनी अशी आठ नावे हवी आहेत. सभा संपल्यावर चहा आहे; चहाच्या टेबलापाशी तक्ते आणि पेन ठेवलेले आहेत. ज्यांना आपला विधानसभा मतदारसंघ ठाऊक नाही त्यांनी तो रकाना रिकामा ठेवून केवळ पत्ता लिहावा. बाकीचे आम्ही यादीवरून पाहून घेऊ.